सरेचा प्यूमा आणि आमच्या उसातला वाघ



परवा ऑफिसात चहाच्या वेळी एक सहकारी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, स्विन्ली फॉरेस्टमध्ये कुत्रं फिरवताना त्याला लांब शेपटीचं मोठं काळं मांजर दिसलं. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही, कारण आदल्याच रात्री आईचा फोन आला होता. गोठ्यामागे वाघ येऊन गेला, कालवड वाचली, कुत्रं गेलं. आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याला वाघच म्हणतात.

मग शनिवार-रविवार याच विषयावर वाचत बसलो. त्यातलं थोडं तुमच्यासाठी.

ब्रॅकनेलहून गाडीने तासाभराच्या आत गोडालमिंग लागतं. सप्टेंबर १९६४ ते ऑगस्ट १९६६ या काळात तिथल्या पोलिस ठाण्यात 'प्यूमा दिसला' अशा ३६२ नोंदी झाल्या. प्यूमा म्हणजेच कूगर, मूळचा अमेरिका खंडातला. तो सरे परगण्यात कुठून येणार? पण त्या भागातली ही पहिली गोष्ट नव्हे. विल्यम कॉबेटने १८३० साली छापलेल्या 'रूरल राइड्स'मध्ये लिहून ठेवलंय की लहानपणी त्याने वेव्हर्ली ॲबीपाशी एका पोकळ एल्मच्या झाडात स्पॅनियल कुत्र्याएवढं मांजर शिरताना पाहिलं. घरी सांगितलं तर खोटं बोलतो म्हणून मार खाल्ला!

मात्र प्यूमा पाळणारे लोक इथे खरंच होते. तेव्हा पैसे टाकले की जंगली जनावर विकत मिळायचं. १९६९ मध्ये लंडनच्या हॅरॉड्समधून दोन तरुणांनी सिंहाचा छावा घेतला होता, तो पुढे केनियात सोडला गेला. १९७६ मध्ये धोकादायक वन्यप्राण्यांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. त्या सुमारास काही मालकांनी परवान्याची कटकट नको म्हणून जनावरं रानात सोडली, असं मानतात. १९८० मध्ये स्कॉटलंडमधल्या कॅनिखजवळ एका शेतकऱ्याच्या सापळ्यात खरीखुरी प्यूमा मादी सापडली. तिचं नाव ठेवलं फेलिसिटी. ती इतकी माणसाळलेली होती की तिला गुदगुल्या आवडायच्या! १९८५ मध्ये ती मेली. पेंढा भरलेली फेलिसिटी इन्व्हर्नेसच्या संग्रहालयात ठेवली गेली.

१९९५ मध्ये कृषी मंत्रालयाने कॉर्नवॉलमधल्या बॉडमिन मूरच्या 'श्वापदा'ची रीतसर चौकशी केली. मोठं मांजर असल्याचा पडताळता येण्याजोगा पुरावा मिळाला नाही. लगेच काही दिवसांत एका मुलाला नदीत बिबट्याची कवटी सापडली आणि एकच गदारोळ. नॅचरल हिस्टरी म्युझियमने तपासलं तर ती कातड्याच्या गालिच्याची निघाली, आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांचं कवच होतं! याउलट जानेवारी २०२५ मध्ये केर्नगॉर्म्समध्ये कुणीतरी बेकायदा चार लिंक्स सोडले, ते चारही काही दिवसांतच पकडले गेले. जनावर खरंच असेल तर ते मागमूस ठेवतंच. आपल्या भाषेत सांगायचं तर गोडालमिंगला ३६२ बग रिपोर्ट आले, पण रिप्रोड्यूस एकही झाला नाही.

आता आमच्याकडचा इतिहास. तिथे जनावर आहे का, हा प्रश्नच नाही.

जुन्या पिढीला वाघ नवा नव्हता. शेजारच्या अकोले तालुक्यात महादेव कोळी समाज वाघोबाला पुजतो, वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतो. पण तो वाघ डोंगरातला. १९७० नंतर कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले आणि जिथे बाजरी व्हायची तिथे ऊस उभा राहिला. ऊस बारा ते अठरा महिने शेतात असतो. दाट सावली, शेजारी पाणी, वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला आणखी काय हवं? माद्या उसातच विऊ लागल्या. त्या पिल्लांना डोंगर माहीतच नाही, ऊस हेच त्यांचं रान.

२००१ नंतर जुन्नरमध्ये मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून लांब जंगलात सोडायला सुरुवात झाली. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. पिंजरा बघायला सगळी शाळा लोटली होती. आतलं जनावर जाळीवर डोकं आपटत होतं, तोंडातून रक्त येत होतं. पोरं खडे मारत होती. मीही मारला. गाडी निघाल्यावर सगळ्यांना वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे हिशोब मांडला. १९९३ ते २००१ मध्ये माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. पकडा-सोडा मोहीम सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ती सरासरी १७ वर गेली. जिथे बिबटे सोडले त्या भागांतही हल्ले वाढले. अनोळखी मुलखात टाकलेलं, बिथरलेलं जनावर घराकडे निघतं. 'आजोबा' नावाचा बिबट्या आठवत असेल, त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट आला. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढून, पट्टा लावून त्याला माळशेजला सोडलं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला, वाटेत कुणाला ओरखडाही न काढता.

हे सगळं वाचून मी हुशारीने नानांना फोन केला. वस्तीवरचे लोक पिंजऱ्यासाठी अर्जावर सह्या घेत होते. म्हटलं, सही करू नका, एक नेला की त्याच्या जागी दुसरा येतो. आकडे सांगितले. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिकडं बसून सांगायला काय जातंय? लाईट रात्री येती. दारं धरायला उसात तू जातो का मी?"

मंडळी, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये, तीन आठवड्यांच्या आत, शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले, त्यात दोन लहान मुलं. त्या गावाला सहजीवनावर भाषण कोण देणार? मी तरी नाही.

तरीही नानांच्या वाक्यातच निम्मं उत्तर आहे असं वाटतं. शेतीला वीज दिवसा मिळाली तर माणूस अंधारात उसात उतरणार नाही. गोठा बंदिस्त असला, संडास घरात असला, अंगणात दिवा असला, पोरं तिन्हीसांजेला घरात असली तर धोका बराच कमी होतो. त्यातला गोठा आणि दिवा मी करून देऊ शकतो, तेवढे पैसे पाठवलेत. विजेची वेळ माझ्या हातात नाही.

नानांनी सही केली की नाही ते मी विचारलेलं नाही. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न मात्र एकच असतो, आज लाईट किती वाजता येणार?

तुमच्यापैकी नारायणगाव, ओतूर, संगमनेर, नाशिककडचे कोणी असतील तर घरच्यांनी काय उपाय केलेत ते जरूर कळवा. असो, लांबलं.

चू.भू.दे.घे.

आपला,
एक जुन्नरकर, मुक्काम ब्रॅकनेल