रेहाल : एका फळीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, दर्गे, मशिदी आणि शिलालेख येतात. दगड टिकला, म्हणून इतिहासही बहुतेक दगडाचाच लिहिला गेला. लाकूड मागे पडले. वाळवी, आग आणि पावसाळे यांतून जे वाचले, ते आपणच भंगारात घातले. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावसारख्या गावात मध्ययुगीन घाटाचे कोरीव फर्निचर कुठून असणार, असे कुणालाही वाटेल. पण ते आपल्या घरात असते. कोनाड्यात, जुजदानात गुंडाळलेल्या कुरआन शरीफच्या शेजारी मिटून ठेवलेले. त्याचे नाव रेहाल.

युरोपात मध्ययुगीन फर्निचर म्हणजे ओकचे लाकूड. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत इंग्लंडच्या राजांची राज्याभिषेकाची खुर्ची आहे, ती इ.स. १३००च्या सुमारास ओकमध्ये घडवली. तिकडे माणसे खुर्चीवर बसत, म्हणून खुर्ची सजली. आपली माणसे जमिनीवर, सतरंजीवर बसली. याचा अर्थ आपल्याकडे फर्निचरची कला नव्हती असा नाही. तिकडे राजाला आसन मिळाले, इकडे किताबाला.

रेहालची करामत तिच्या सांध्यात आहे. दोन फळ्या एकमेकींत अडकवल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात फळी एकच असते. ती जाडीच्या मधोमध दोन्ही टोकांकडून चिरत आणायची, मधला पट्टा तेवढा राखायचा आणि त्यात पटाशीने एकाआड एक दाते मोकळे करायचे. मग फळी फुलीसारखी उघडते. खिळा नाही, सरस नाही, बिजागरी नाही. एक दाता तुटला तर नवा बसवता येत नाही.

ही कारागिरी किती जुनी? मौलाना रूमी १२७३ मध्ये वारले. त्यांच्या दर्ग्याला १२७९ मध्ये अर्पण केलेली रेहाल तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात जपलेली आहे. दुसरी प्रसिद्ध रेहाल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तिच्यावर हिजरी ७६१, म्हणजे इ.स. १३६० हे साल आणि घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे : हसन बिन सुलेमान इस्फहानी. त्या वेळी आपल्या दख्खनमध्ये बहमनी सत्ता स्थापन होऊन तेराच वर्षे झाली होती. विशेष म्हणजे ही रेहाल सागवानी आहे. साग इराणात उगवत नाही. तो आपल्या बाजूच्या मुलखांतून समुद्रमार्गे जाई. ट्युनिशियातल्या कैरवानच्या मशिदीतला नवव्या शतकातला मिंबरही सागवानीच आहे. किनवट-माहूरच्या जंगलामुळे साग आपल्या ओळखीचा. तोच साग तिकडे इबादतीच्या कामी आला.

दख्खनचे सुतारकामही कमी नव्हते. बीदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात बरीदशाहीतले, सोळाव्या शतकातले कोरीव लाकडी खांब उभे आहेत. ते शाही होते, म्हणून राखले गेले. गरिबाच्या घरातल्या रेहालला पहारेकरी कुठला?

आज बाजारात प्लास्टिकची रेहाल मिळते. ती हलकी आणि स्वस्त असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पठण तिच्यावरही तितकेच मकबूल. पण ती आली म्हणून जुनी चुलीत किंवा भंगारवाल्याकडे जाते, तेव्हा लाकडाबरोबर आणखी काही जाते. लग्नात मुलीला कुरआन शरीफ आणि रेहाल देण्याची रीत आपल्याकडे आहे. कुणाची नानी ती कुठल्या गावाहून घेऊन आली, कुणाच्या किती पिढ्या तिच्यावर वाचायला शिकल्या, हा घराण्याचा इतिहास कुठल्याही दफ्तरात नाही.

हसन बिन सुलेमानचे नाव साडेसहाशे वर्षे राहिले, कारण ते लाकडावर कोरले होते. आपल्या सुतारांची नावे कोणी कोरली नाहीत. निदान घरातली जुनी रेहाल उलटून पाहावी, एखादे नाव, साल किंवा खूण सापडते का ते बघावे. थोरल्यांना विचारून चार ओळी वहीत लिहून ठेवाव्यात. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होईल.