गाडी सुनीच नै

आमच्या घरात अब्बांचं एक वाक्य पस्तीस वर्षं फिरत राहिलं. सगळ्यांनी ते ऐकलं, खरं कुणालाच वाटलं नाही. "मैं हँडल काट्या था, गाडी सुनीच नै." मूळ सोलापूरकडचे असल्यामुळे अब्बा आजही अशीच दखनी बोलतात. म्हणजे मी स्टिअरिंग फिरवलं होतं, गाडीनेच ऐकलं नाही.

१९८९ चा जून होता. मी तेव्हा चौथीतून पाचवीत गेले होते. पहिला पाऊस पडून तासभर झाला असेल. अब्बा आपली काळी-पिवळी पद्मिनी घेऊन शिवडीकडून रफी अहमद किडवई मार्गाने वडाळ्याला येत होते. गल्लीतून एक हातगाडीवाला बाहेर आला. अब्बांनी ब्रेक मारला, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, आणि गाडी रुळावर असल्यासारखी सरळ जाऊन त्याला धडकली. माणूस वाचला, पण त्याचा पाय मोडला.

जमलेल्या लोकांनी एकच सवाल केला, स्टिअरिंग फिरवलं असतं तर गाडी वळली नसती का? कुणी म्हणालं झोप लागली असेल, कुणी त्याहून वाईट बोललं. ज्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नाही, त्याला ते किती लागलं असेल! त्या हातगाडीवाल्याच्या घरी अब्बा सहा महिने पैसे पोहोचवत होते. पोलीस, कोर्ट हे सगळं झालं, ते इथे सांगत बसत नाही. मला आठवतं ते हे की आमची अम्मी, जी कधी त्यांच्याविरुद्ध बोलली नाही, तीसुद्धा एकदा म्हणाली, "घाबरून विसरला असाल फिरवायला." त्यानंतर अब्बांनी घरात ते वाक्य बोलणं कमी केलं.

आता गेल्या वर्षाची गोष्ट. सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकायला गेले. आमचं आरटीओ वडाळ्यातच, ट्रक टर्मिनलच्या बाजूला. रविवारी सकाळी तिथले मागचे रस्ते जरा मोकळे असतात. पाऊस भुरभुरत होता. शिकवणारे उस्ताद म्हणाले, "मॅडम, आता जोरात ब्रेक मारा." मी मारला, सोडला, पुन्हा मारला, पुन्हा सोडला. लहानपणापासून अब्बांकडून हेच ऐकलं होतं, पावसात ब्रेक पंप करत मारायचा. उस्ताद वैतागले. "पंप करू नका. दाबा आणि दाबूनच ठेवा. आणि दाबलेला असतानाच स्टिअरिंग उजवीकडे घ्या." मी तसं केलं. पायाखाली पेडल घर्रर्र करून थरथरलं. मला वाटलं काहीतरी तुटलं. पण गाडी ब्रेक लागलेला असतानाच गुपचूप उजवीकडे वळली आणि थांबली.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिले. गाडीने ऐकलं होतं.

मी भाषेची शिक्षिका, विज्ञान माझा विषय नाही. पण त्या दिवसापासून मी या थरथरीच्या मागे लागले. जे समजलं ते माझ्या वर्गात सांगते तसंच सांगते.

चाळीच्या मोरीत शेवाळ धरलेलं असतं. तिथे पाय घसरला की अंगठा कुठल्या दिशेला आहे याला काही अर्थ उरत नाही. अंग ज्या दिशेला चाललंय तिकडेच माणूस जातो. गाडीचं चाक हा तिचा पाय. चाक फिरत असतं तोवर टायरचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो तो जमिनीला धरून असतो, घसरत नसतो. म्हणून पुढचं चाक जिकडे वळवाल तिकडे गाडी वळते. पण ब्रेक इतका जोरात बसला की चाक फिरायचंच थांबलं, म्हणजे ते जाम झालं, तर ते पाय न राहता शेवाळावरची चप्पल होतं. मग ते उजवीकडे वळवा नाहीतर डावीकडे, गाडी आधीच्याच दिशेने घसरत जाते. अब्बांनी स्टिअरिंग फिरवलं होतं आणि गाडी सरळ गेली होती, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. किंबहुना ओल्या रस्त्यावर घाबरून पूर्ण ब्रेक मारणाऱ्या कुठल्याही माणसाच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

पहिला पाऊस तर सगळ्यांत वाईट. महिनोन्महिने सांडलेलं तेल, रबराची भुकटी, धूळ पाण्यात मिसळून रस्त्यावर साय धरते. जोरदार पाऊस पडून ती वाहून जाईपर्यंत रस्ता निसरडा असतो. हिशेब करून पाहिला. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. माणसाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तर ११ मीटर तसेच गेले. त्यापुढे कोरड्या डांबरावर साधारण ९ मीटरांत गाडी थांबते, ओल्यावर १६ लागू शकतात, तेल असेल तर त्याहून जास्त. हातगाडी त्यापेक्षा जवळ होती. तिथे थांबणं शक्यच नव्हतं, बाजूला वळणं हाच एक मार्ग होता, आणि जाम झालेल्या चाकांनी तोच बंद केला.

त्या घर्रर्रचं नाव एबीएस, अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडी आणि तिच्याजवळ एक चुंबकीय सेन्सर असतो. दाते समोरून सरकताना सेन्सर ते मोजतो, त्यावरून चाक किती वेगाने फिरतंय ते गाडीतल्या छोट्या संगणकाला कळतं. ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंद पडायला लागलं, तर ते जाम होणार हे संगणक ओळखतो. मग तो त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब व्हॉल्व्हने रोखतो, गरज पडली तर थोडा सोडतो, चाक पुन्हा फिरू लागलं की पुन्हा वाढवतो. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळाही होतं, आणि तेही ज्या चाकाला हवं त्यालाच. अब्बा पायाने जे पंप करत होते तेच हे. फक्त माणसाचा पाय सेकंदाला दोन-तीनदाच हलतो आणि चारही चाकांना एकच हुकूम देतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. एबीएस म्हणजे गाडी नेहमी कमी अंतरात थांबते असं नाही. सुट्या खडीवर किंवा वाळूवर तर ती उलट लांब जाते, कारण तिथे जाम चाक आपल्यापुढे खडीचा ढीग करून थांबतं. एबीएसचं खरं देणं हे की ब्रेक दाबलेला असतानाही स्टिअरिंग चालकाच्या हातात राहतं.

मग ही चीज निघाली कधी? मला वाटलं होतं, कालपरवाच. पण तसं नाही. चाकं जाम होऊ नयेत म्हणून जर्मनीच्या बॉश कंपनीने १९३६ मध्येच पेटंट घेतलं होतं. प्रत्यक्षात ही युक्ती आधी विमानांत आली. ओल्या धावपट्टीवर चाक जाम झालं की टायर घासून फुटायचा, म्हणून ब्रिटनच्या डनलॉपने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्सारेट नावाचं यंत्र काढलं. ते पूर्ण यांत्रिक होतं, इलेक्ट्रॉनिक काही नाही. तेच १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या महागड्या ब्रिटिश मोटारीत बसवलं, पण त्या गाड्या बनल्या जेमतेम सव्वातीनशे. जर्मनीत हाइन्झ लायबर नावाचा इंजिनियर टेल्डिक्स कंपनीत साठच्या दशकात इलेक्ट्रॉनिक एबीएसवर काम करत होता. त्याची अडचण तत्त्वाची नव्हती, भरवशाची होती. सुरुवातीच्या यंत्रात सुमारे हजार सुटे भाग, आणि त्यातला एक बिघडला की ब्रेकच धोक्यात. पुढे इंटिग्रेटेड सर्किट आले, काम बॉशकडे गेलं, भाग सुमारे १४० वर आले, आणि १९७८ च्या अखेरीस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये एबीएस मिळू लागलं. जादा पैसे मोजणाऱ्याला.

१९७८. अब्बांच्या अपघाताच्या अकरा वर्षं आधी.

त्याच सेन्सरांतून पुढच्या गोष्टी निघाल्या. ब्रेक मारताना चाक जाम होतं तसं ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाक जागच्या जागी भिरभिरतं, चिखलात आपण पाहतोच. त्या चाकाला ब्रेक लावायचा आणि इंजिनाचा जोर कमी करायचा, हे ट्रॅक्शन कंट्रोल, ऐंशीच्या दशकातलं. १९९५ मध्ये त्यात आणखी एक सेन्सर आला, गाडी स्वतःभोवती किती वळतेय ते सांगणारा. चालकाने स्टिअरिंग किती फिरवलं आणि गाडी खरोखर किती वळली, याची तुलना करून एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करायची. याला ईएससी म्हणतात. हे वाचताना मी हसले. म्हणजे यंत्राने तोच सवाल विचारायला सुरुवात केली जो रफी अहमद किडवई मार्गावर जमावाने विचारला होता, हँडल फिरवलं तर गाडी वळली का? फरक एवढाच की यंत्र 'नाही' हे उत्तर खरं मानून कामाला लागतं.

आता पद्मिनीकडे येते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची, वडाळ्यापासून हाकेच्या अंतरावर. मूळ इटलीची फियाट ११०० डी, साठच्या दशकातली. चारही चाकांना ड्रम ब्रेक. पावसात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी जायचं आणि ब्रेक एका बाजूला खेचायचा. म्हणून अब्बा पुढे थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून गाडी चालवायचे, ड्रम सुकेपर्यंत. असली विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती, टॅक्सी स्टँडवर चहा पिताना एकाकडून दुसऱ्याकडे जायची. मला त्या गाडीबद्दल राग नाही. तिने आम्हाला शिकवलं, माझं बीएड तिच्या मीटरवर झालं. पण हेही खरं की जगात ब्रेक बदलत असताना मुंबईचा टॅक्सीवाला तीच जुनी रचना पायाखाली घेऊन फिरत होता, कारण बाजारात त्याच्या ऐपतीचं दुसरं काही नव्हतं. २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. तिला निरोप देताना वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. ब्रेकबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही.

तिच्यानंतर आलेल्या सँट्रो, वॅगन-आर टॅक्सींनाही बरीच वर्षं एबीएस नव्हतं. स्वस्त मॉडेलात ते मिळायचंच नाही, आणि टॅक्सीवाला घेतो ते स्वस्त मॉडेल. युरोपातल्या मोटार कंपन्यांनी १ जुलै २००४ पासून सगळ्या नव्या मोटारींत एबीएस द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे प्रवासी मोटारींना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ मध्ये, नव्या मॉडेलांना त्याआधी वर्षभर. ईएससी आपल्याकडे अजून तारकांच्या भाषेत येते. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी लागते.

मुलांना इतिहास शिकवणारे आमचे सहकारी शोधाचं साल पाठ करून घेतात. एबीएस, १९७८. मला वाटतं त्याच्या शेजारी दुसरं साल लिहायला हवं, ती वस्तू भाड्याने टॅक्सी चालवणाऱ्याच्या पायाखाली कधी आली त्याचं. या दोन सालांमधली चाळीस वर्षं कुणाच्या हिशेबात धरायची? त्या काळात जे जे गाड्या घसरून धडकले, त्यांच्या पंचनाम्यांत बहुधा एकच कारण लिहिलं असेल, चालकाची चूक. काहींची असेलही. सगळ्यांची?

हे सगळं मी अब्बांना सांगितलं. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. वहीत चाक काढलं, दाते काढले, बाण काढले. चश्मा लावून ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एकच विचारलं, "म्हंजे काट्याच था मैं?"

"हो अब्बा, फिरवलंच होतं."

अम्मी आत पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. ती बाहेर आली नाही, काही बोललीही नाही. थोड्या वेळाने त्यांच्यासाठी चहा मात्र आला, वेळ नसताना.

चहा पिता पिता त्यांनी खिडकीतून खाली बघितलं. माझा भाचा डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून निघाला होता. "याच्या गाडीत आहे ते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही. २०१९ चा नियम दुचाक्यांनाही आहे, पण एबीएसची सक्ती १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना. त्याखालच्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागेल एवढी सोय असली तरी चालतं. चाक जाम होण्यापासून ती वाचवत नाही. भाच्याची स्कूटर ११० सीसीची.

अब्बा उठले, गॅलरीत गेले आणि वरूनच ओरडले, "ए, रुक. पाऊस आहे. जोरात नको मारू, थोडा थोडा दाब, सोड, दाब. सुन्या क्या?"

खालून हात हलला. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.