नाव ओठांवर येण्याआधी

घरातल्या वडीलधाऱ्यांना एखादे नाव आठवेनासे झाले की आपण विचारतो, “ऑफिसातले की गावाकडचे?” गावाकडचे म्हटल्यावर आळी आठवते, मग घर, मग घराचा ओटा, आणि ओट्यावर बसलेल्या माणसाचे नाव आपसूक तोंडी येते. हा शोध चालू असताना मेंदूत काय घडते, ते आज काही अंशी बाहेरून पाहता येते, आणि तेही नाव उच्चारले जाण्यापूर्वी. ज्या अभ्यासशाखेने हे शक्य केले, तिच्याकडे मराठी वाचकांना घेऊन जावे, एवढ्यासाठी पुढची पाने लिहिली आहेत.

‘ऑफिसातले की गावाकडचे’ या प्रश्नाशी विलक्षण जुळणारा एक प्रयोग २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शॉन पॉलिन, केनेथ नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना एमआरआय यंत्रात झोपवून प्रसिद्ध चेहरे, प्रसिद्ध स्थळे आणि रोजच्या वापरातल्या वस्तू दाखवल्या. चेहरा पाहताना मेंदूतल्या हालचालीचा नमुना कसा असतो आणि स्थळ पाहताना कसा, हे संगणकाला शिकवले. नंतर त्याच माणसांना, जे आठवेल ते, आठवेल त्या क्रमाने सांगायला लावले. एखाद्या स्थळाचे नाव तोंडून निघण्याच्या काही सेकंद आधीच मेंदूत ‘स्थळ’ या गटाचा नमुना पुन्हा उमटू लागे. आधी आळी, मग माणूस! मी हा शोधनिबंध पहिल्यांदा वाचला, तेव्हा तो खाली ठेवून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

यंत्र नेमके काय टिपते, हे वाचकांनी सुरुवातीलाच नीट समजून घ्यावे. ते विचार टिपत नाही, आणि पेशींची विद्युत् हालचालही टिपत नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात आणि तो फरक यंत्राला कळतो. सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलेल्या या परिणामावर पुढचा सारा डोलारा उभा आहे. रक्त मात्र सावकाश येते. हा ओघ कळसाला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. चित्र ज्या बारीक ठोकळ्यांचे बनते, त्यांतला प्रत्येक साधारण दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यात लाखो पेशी मावतात. एकेका ठोकळ्याकडे पाहून फारसे हाती लागत नाही. अनेक ठोकळे मिळून जी नक्षी तयार होते ती वाचावी लागते, हे २००१ मध्ये जेम्स हॅक्सबी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांच्या प्रयोगातल्या चेहरे, घरे, मांजरे, खुर्च्या यांपैकी प्रत्येक गटाची नक्षी वेगळी ओळखता आली.

इथवर आल्यावर तुमच्या मनात येईल, मग माणूस खरे बोलतो की खोटे, हेही कळेल का? २०१० मध्ये जेसी रिसमन, हेन्री ग्रीली आणि अँथनी वॅग्नर यांनी या प्रश्नाला थेट हात घातला. लोकांना २०० चेहरे दाखवले आणि नंतर जुन्या-नव्या चेहऱ्यांची सरमिसळ करून ओळख पटते का ते विचारले. ‘हा मी पाहिलाय’ असे माणसाला वाटते आहे की नाही, ते संगणकाने चांगले ओळखले. पण तो चेहरा त्याने खरोखर पाहिला होता का, हे सांगताना संगणक जवळपास अंदाजावर आला. मला या शाखेतला हा सर्वांत मोलाचा निष्कर्ष वाटतो. यंत्राला दिसते ते आठवणे. घडलेली गोष्ट त्याला दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा फरक दूरचा वाटू नये. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात दोषी ठरवताना सत्र न्यायालयाने मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला होता. आरोपीला घटनेचा ‘अनुभव’ आहे, असा त्या चाचणीचा दावा होता. चाचणी एमआरआयची नव्हती, तरी प्रश्न तोच. पुढे ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करणे घटनाबाह्य ठरवले.

पुस्तकाचे तिसरे प्रकरण संख्याशास्त्राचे आहे. जड वाटले तर वाचकांनी ते खुशाल मागे ठेवावे आणि चौथ्यापासून पुढे जावे. वाचताना मात्र यंत्रातला माणूस डोळ्यांपुढे असू द्या. कानांत बोळे, डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी स्पंजच्या उशा, भोवती यंत्राची एकसुरी धडधड, आणि त्या गोंगाटात तो काहीतरी आठवू पाहतो आहे. डोके किंचित हलले तरी नोंदी बिघडतात.

पान उलटण्यापूर्वी एक कराल का? कागद घ्या आणि चौथीतल्या वर्गसोबत्यांची नावे आठवतील तशी लिहून काढा. हजेरीपटाचा क्रम मुद्दाम आठवू नका. दहा-बारा नावे झाली की कोणामागून कोण आले ते पाहा: एका बाकावरचे, एका गल्लीतले, की डबा एकत्र खाणारे? तो कागद जवळ ठेवा. पहिल्या प्रकरणात आपल्याला त्याची गरज लागणार आहे.