शॉर्टकटच्या टार्गेटमागे

विंडोजच्या डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या, की ‘टार्गेट’ नावाचा एक रकाना दिसतो. त्यात त्या प्रोग्रामचा किंवा फाइलचा पत्ता असतो. प्रोग्रामच्या पत्त्यापुढे मात्र आज्ञाही लिहिता येते: कोणती फाइल उघडायची, कशी उघडायची, उघडल्यावर काय करायचं. पत्ता आणि आज्ञा ही मुळात दोन वेगळी घराणी. ती एका रकान्यात नांदायला पंचवीस-तीस वर्षं जावी लागली.

आज्ञेचं घराणं अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू होतं. तिथे फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. एकच महागडा संगणक अनेकांनी आपापल्या टर्मिनलवरून एकाच वेळी वापरायचा, ही तिच्यातली नवी गोष्ट. १९६१च्या नोव्हेंबरात तिचं पहिलं प्रात्यक्षिक झालं. लुई पूझाँ हे फ्रेंच अभियंते १९६३च्या सुमारास तिथे आले. प्रणालीसाठी डझनावारी आज्ञा लिहून झाल्यावर त्यांना वाटू लागलं, की जुन्या आज्ञा जोडून नव्या आज्ञा घडवता यायला हव्यात. त्यांनी रनकॉम हा प्रोग्राम लिहिला. एका फाइलमध्ये आज्ञांची यादी लिहून ठेवायची. रनकॉम ती वाचून एकेक आज्ञा क्रमाने पार पाडणार. फाइलचं नाव दर वेळी बदलणार असेल तर यादीत तेवढी जागा मोकळी सोडायची आणि चालवताना भरायची. रोजचं तेच ते काम यंत्राच्या अंगावर टाकण्याची सगळी कल्पना इथे पूर्ण रूपात हजर आहे. पुढच्या साठ वर्षांत तिच्यात सोयी वाढल्या, मूळ विचार तोच राहिला. आज्ञा वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ हे नावही पूझाँ यांनीच दिलं. युनिक्समधल्या शेल स्क्रिप्ट याच वंशातल्या, आणि १९८१च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या डॉसच्या बॅच फाइलीही वळणाने त्यांच्याच.

पत्त्याचं घराणं मल्टिक्समध्ये सापडतं. रॉबर्ट डेली आणि पीटर न्यूमन यांनी १९६५मध्ये या प्रणालीच्या फाइल-रचनेवर निबंध वाचला. फाइल एकाच जागी राहील, पण दुसऱ्या डिरेक्टरीतून तिच्याकडे बोट दाखवणारी ‘लिंक’ ठेवता येईल, अशी सोय त्यात होती. युनिक्सने लिंक आपलीशी केली. १९८३च्या ४.२ बीएसडीत आलेली सिम्बॉलिक लिंक तर आपल्या पोटात फक्त पत्ता लिहून ठेवते. मूळ फाइल हलवली की ती निकामी.

चित्रांचा काळ आला तेव्हा आज्ञा मागे पडली. झेरॉक्सच्या स्टारने १९८१मध्ये पडद्यावर डेस्कटॉप आणि आयकॉन मांडले. १९८४च्या मॅकिंटॉशने तर आज्ञा टाइप करण्याची जागाच ठेवली नाही. नवख्या माणसाची भीती गेली, हे मोठंच काम झालं; पण यंत्राला कामांची यादी सोपवण्याची ताकद त्याच्या हातून गेली, आणि हे नुकसान मला आजही लहान वाटत नाही. १९९१मध्ये मॅकिंटॉशच्या सिस्टिम ७ या प्रणालीत ॲपलने ‘एलियस’ आणलं. त्यात पत्त्याबरोबर फाइलचा अंतर्गत क्रमांकही नोंदलेला असे, त्यामुळे फाइलचं नाव बदललं किंवा तिची जागा हलवली तरी एलियस तिला शोधून काढी. पत्त्याच्या घराण्यातली इतकी विचारपूर्वक घडवलेली वस्तू त्या काळात दुसरी नव्हती.

दोन्ही घराण्यांची सोयरीक मायक्रोसॉफ्टकडे जुळली, कारण त्यांच्या खिडक्यांखाली डॉस जिवंत होतं. १९९०च्या विंडोज ३.०मधल्या प्रोग्राम मॅनेजरच्या आयकॉनमागे ‘कमांड लाइन’चा रकाना होता. फक्त ते आयकॉन आपल्या चौकटीबाहेर पडू शकत नसत. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आलं आणि शॉर्टकट ही एक स्वतंत्र छोटी फाइल झाली. ती डेस्कटॉपवर ठेवा, फोल्डरमध्ये ठेवा, स्टार्टअपमध्ये टाकून संगणक सुरू होताच चालवा, कंट्रोल-ऑल्टसह एखादं अक्षर नेमून कीबोर्डवरून बोलवा.

या फाइलचं ‘एलएनके’ हे शेपूट विंडोज कधीच दाखवत नाही. इतर फाइलींची शेपटं दाखवायला सांगितलं तरी नाही. हा निर्णय मला चुकीचा वाटतो, आणि त्याची किंमत लोकांनी मोजली आहे. पेन ड्राइव्हमधले खरे फोल्डर लपवून त्याच नावाचे शॉर्टकट मांडणारे व्हायरस आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षं फिरले. फोल्डर समजून क्लिक केलं, की टार्गेटमधली भलतीच आज्ञा चाले. २०१०मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट त्यांच्याही पुढे गेला: क्लिकचीही गरज नव्हती, शॉर्टकटचा आयकॉन पडद्यावर दिसला तरी पुरे. तो इराणच्या अणुप्रकल्पासाठी रचलेला होता, तरी इराण आणि इंडोनेशियाखालोखाल त्याची लागण भारतातल्या संगणकांना झाली.

म्हणून टार्गेटचा हा रकाना वाचता येणं आणि लिहिता येणं, दोन्ही हवं. लिहिणं अवघड नाही. नवीन शॉर्टकट करताना पत्त्याच्या जागी ‘शटडाऊन’ ही आज्ञा आणि तिच्यापुढे बंद करण्याची खूण व ३६०० सेकंद लिहिले, की एका क्लिकवर तासाभराने संगणक आपोआप बंद होतो. रोज सकाळी हिशेबाची एक्सेल फाइल, बँकेचं पान आणि पत्रांचा फोल्डर उघडावा लागत असेल, तर नोटपॅडमध्ये तीन ओळींची बॅच फाइल लिहून तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवता येतो. संगणकाचे वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: टायपिंग आणि तक्ते शिकवून झाले की एक तास यासाठी राखून ठेवा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडून त्याच्या स्वतःच्या कामाचा एक तरी शॉर्टकट लिहून घ्या.