डॉक्टर हू व नील गेमन

‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची (बीबीसी) दीर्घकाळ चाललेली विज्ञानकथात्मक दूरचित्रवाणी मालिका. तिचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाला. मालिकेची पहिली निर्माती व्हेरिटी लँबर्ट आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक लखनौ येथे जन्मलेला वारिस हुसेन होता. १९८९ मध्ये मालिकेत खंड पडला. १९९६ मधील एक दूरचित्रवाणी-चित्रपट वगळता ती २००५ मध्येच पुन्हा सुरू झाली.

मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ हा परग्रहावरील कालप्रवासी. त्याचे ‘टार्डिस’ हे यान बाहेरून ब्रिटिश पोलिसांच्या निळ्या दूरध्वनिपेटीसारखे दिसते, आत मात्र ते अतिशय प्रशस्त असते. विल्यम हार्टनेल या मूळ नटाची प्रकृती खालावल्यामुळे १९६६ मध्ये डॉक्टरला देहांतर करता येते, अशी कल्पना योजण्यात आली. त्यामुळे नट बदलले, तरी नायक तोच राहिला.

अशा मालिकेचा कोणी एक कर्ता नसतो. डालेक ही यंत्रवेष्टित जमात टेरी नेशनने १९६३ मध्ये, तर सायबरमेन किट पेडलर व गेरी डेव्हिस यांनी १९६६ मध्ये निर्माण केले. पुढील लेखकांनी ही पात्रे वारशाप्रमाणे वापरली. कादंबरीकार आपल्या कल्पित विश्वाचा स्वामी असतो. येथे मात्र त्याला पूर्वीच्या कथा सहसा मोडता येत नाहीत आणि आपली कथा संपताना मालिका पुढील लेखकाच्या हाती वापरण्याजोग्या स्थितीत द्यावी लागते.

नील गेमन (जन्म १० नोव्हेंबर १९६०) हा इंग्रज लेखक मालिकेकडे आला, तो ‘द सँडमन’ ही चित्रकथामाला (१९८९–९६) आणि ‘अमेरिकन गॉड्स’ ही कादंबरी (२००१) यांनी अद्‌भुतरम्य लेखनात कीर्ती मिळविल्यानंतर. बालपणापासून तो या मालिकेचा प्रेक्षक होता. १९७९-८० च्या सुमारास मालिकेचा संहिता-संपादक असलेल्या डग्लस ॲडम्सविषयी त्याने १९८८ मध्ये एक पुस्तकही लिहिले होते.

‘द डॉक्टर्स वाइफ’ हा गेमनने लिहिलेला भाग १४ मे २०११ रोजी प्रक्षेपित झाला. तो मुळात २०१० च्या मालिकेसाठी योजलेला होता. परंतु खर्चाच्या अडचणीमुळे पुढे ढकलला गेला. दरम्यान प्रवाशांमध्ये रोरी हे पात्र परतल्याने संहितेत त्याला स्थान द्यावे लागले. या कथेत यानांवर जगणारी एक दुष्ट शक्ती टार्डिसचा आत्मा काढून इड्रिस नावाच्या स्त्रीच्या देहात घालते. त्यामुळे यान आणि त्याचा चालक प्रथमच समोरासमोर बोलू शकतात. आपण हे यान चोरले, असे डॉक्टर मानत आलेला असतो. यानाच्या मते त्यानेच डॉक्टरला पळविलेले असते. यानाला स्वतःची जाणीव असावी, अशी सूचना डेव्हिड व्हिटेकरच्या १९६४ मधील कथेतच होती. गेमनने नवे काही बाहेरून आणण्याऐवजी त्या जुन्या बीजाचा विकास केला. या भागाला २०१२ मध्ये ह्यूगो पारितोषिक मिळाले.

‘नाइटमेअर इन सिल्व्हर’ (११ मे २०१३) या त्याच्या दुसऱ्या भागात सायबरमेनना पुन्हा भयप्रद करण्याचे काम त्याच्याकडे होते. ओसाड करमणूकनगरीची पार्श्वभूमी आणि डॉक्टरच्या मनातच चाललेला बुद्धिबळाचा डाव या कल्पना वेधक होत्या. तथापि या भागाचे स्वागत संमिश्र झाले. पहिल्या भागात यान व डॉक्टर यांच्या नात्याला जवळजवळ पन्नास वर्षांच्या सहवासाचे भावनिक पाठबळ होते. दुसऱ्या भागातील शत्रूला तसे पाठबळ नव्हते.

मालिकेच्या बंधनाचा उपयोग गेमनने कसा केला, हे पहिल्या भागाच्या अखेरीस दिसते. पुढील कथांसाठी यान पूर्ववत होणे अटळ होते. म्हणून इड्रिसचा देह मृत्यू पावतो, आत्मा यंत्रात परततो आणि यान पुन्हा अबोल होते. बदल टिकू न देण्याची मालिकेची अट कथेत वियोगाचे रूप घेते. त्यानंतरचे लेखक त्या अबोल यानाच्या कथा लिहीत राहिले. परंतु ते एकदा बोलले होते, ही आठवण मालिकेच्या सामाईक वारशात जमा झाली.