पाच लघुपट आणि एक संध्याकाळ: 'सिनेमा १६'चा पहिला महिना

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधले प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउस हे एक चिमुकले नाट्यगृह. दोनशेच्या आसपास आसने, बेताचा रंगमंच आणि गाठीशी यूजीन ओनीलच्या उमेदवारीच्या काळातल्या नाटकांची पुण्याई. १९४७ च्या नोव्हेंबर महिन्यात या रंगमंचावर पडदा लावून 'सिनेमा १६' नावाच्या नवजात संस्थेने आपला पहिला कार्यक्रम सादर केला. चित्रपटाचे इतिहास बहुधा चित्रपटांचे आणि दिग्दर्शकांचे असतात. ते चित्रपट कोणी, कुठे, कशाच्या शेजारी ठेवून दाखवले याची नोंद त्यांत तळटीपेपुरती येते. मला मात्र त्या महिन्याची कार्यक्रमपत्रिका एखाद्या महत्त्वाच्या चित्रपटाइतकीच वाचनीय वाटते.

पत्रिकेत पाच लघुपट होते. पहिला 'लॅमेन्टेशन': मार्था ग्रॅहम हिचे शोकनृत्य. अंगाला नळीसारख्या वेढणाऱ्या ताणदार वस्त्रातून तिचे हातपाय बाहेर पडू पाहतात आणि शोकाला जणू वस्त्राच्या घड्यांचाच आकार येतो. दुसरा 'मंकी इनटू मॅन', जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सले याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला वानरकुळाच्या वर्तनाविषयीचा ब्रिटिश माहितीपट. हाच हक्सले त्या वेळी युनेस्कोचा पहिला महासंचालक होता. तिसरा 'द पॉटेड साम', सिडनी पीटरसन आणि जेम्स ब्रॉटन यांनी सॅन फ्रान्सिस्कोत १९४६ साली केलेला, स्वप्नासारखा विसंगत आणि मुद्दाम अस्वस्थ करणारा प्रयोग. चौथा 'बाउंडरी लाइन्स', माणसामाणसांत आखल्या जाणाऱ्या रेषांविषयीचा फिलिप स्टॅपचा चलचित्रपट. पाचवा 'ग्लेन्स फॉल्स सीक्वेन्स', ज्यात डग्लस क्रॉकवेलने हलत्या रंगांतून अमूर्त आकार घडवले आणि मोडले. क्रॉकवेलचा पोटापाण्याचा व्यवसाय लोकप्रिय साप्ताहिकांसाठी गोड, घरगुती चित्रे काढण्याचा होता, ही त्यातली गंमत.

या पाचांना जोडणारा धागा कोणता? काळ एक नाही, देश एक नाही, विषय तर नाहीच. वरवर पाहणाऱ्याला ही भेळ वाटेल. पण क्रम मनातल्या मनात लावून पाहावा. नर्तकीच्या देहातला शोक पाहून झाल्यावर तोच डोळा वानरांच्या हालचालींकडे वळतो, तेव्हा त्या हालचाली निव्वळ प्राणिशास्त्राच्या उरत नाहीत. उलट, हक्सलेची शिस्तबद्ध मांडणी पाहून आलेला प्रेक्षक 'द पॉटेड साम'मधल्या माणसांकडेही काही काळ एखाद्या अनोळखी प्राणिजातीकडे पाहावे तसा पाहू लागतो. चित्रपटाच्या आत दोन प्रतिमांच्या जोडणीतून तिसरा अर्थ निघतो, हे आयझेनस्टाइनच्या पिढीने सांगून ठेवले होते. इथे ती जोडणी अख्ख्या चित्रपटांमध्ये केलेली होती. संकलकाचे काम कार्यक्रम ठरवणाऱ्याने हाती घेतले होते, असे म्हणायला हरकत नाही.

तो कार्यक्रम ठरवणारा होता आमोस व्होगेल. जन्म १९२१, व्हिएन्ना. शाळकरी वयातच तो तिथल्या एका फिल्म सोसायटीत जाऊ लागला होता आणि टपालगाडीवरचा ब्रिटिश माहितीपट 'नाइट मेल' त्याने तिथेच पाहिला. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर या ज्यू कुटुंबाला देश सोडावा लागला. अमेरिकेत आल्यावर व्होगेलच्या मनात पॅलेस्टाइनला जाऊन सामुदायिक शेतीवर राहायचे होते. त्यासाठी जॉर्जियाच्या विद्यापीठात त्याने शेती आणि पशुपालनाचे शिक्षणही घेतले. ते राहिले. न्यूयॉर्कमध्ये आपल्याला हवे ते लघुपट कुठेच पाहायला मिळत नाहीत, या साध्या अडचणीतून त्याने आणि त्याची पत्नी मार्सिया हिने ही संस्था काढली. त्याच प्लेहाउसमध्ये १९४६ च्या फेब्रुवारीत माया डेरेन हिने स्वतः भाडे भरून आपले लघुपट दाखवले होते आणि तिला गर्दीही झाली होती. ते उदाहरण व्होगेलच्या डोळ्यांसमोर होते.

संस्थेच्या नावातला १६ हा आकडा फिल्मच्या रुंदीचा आहे. व्यावसायिक चित्रपटगृहांत ३५ मिलिमीटरची फिल्म चाले. १६ मिलिमीटरची फिल्म १९२३ साली हौशी लोकांसाठी आली, आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याचे प्रशिक्षण, प्रचार, करमणूक यांसाठी तिचा प्रचंड वापर झाला. युद्ध संपले तेव्हा शाळा, ग्रंथालये आणि दवाखाने यांच्यापर्यंत तिचे प्रक्षेपक पोचलेले होते. शास्त्रीय आणि वैद्यकीय चित्रपटांचा एक मोठा साठा याच रुंदीत, कोणाच्या नजरेस न पडता, कपाटांत बसून होता. व्होगेलने ती कपाटे उघडली.

पहिल्या कार्यक्रमाला इतका प्रतिसाद मिळाला की तो पुढे अनेक संध्याकाळी पुन्हा दाखवावा लागला. पण लवकरच दोन संकटे आली. एका खेळाच्या वेळी हिमवादळाने शहर ठप्प केले आणि जाहिरातीत घातलेला पैसा बुडाला. दुसरे संकट अधिक चिवट होते: न्यूयॉर्क राज्याचे अभ्यवेक्षण. चित्रपटाला वृत्तपत्राचे स्वातंत्र्य लागू नाही, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्येच दिलेला होता आणि तो १९५२ पर्यंत टिकला. त्यामुळे प्रत्येक चित्रपट, मग तो पाच मिनिटांचा का असेना, आधी राज्याच्या अधिकाऱ्यांना दाखवायचा, त्याची संहिता द्यायची, फिल्मच्या लांबीनुसार शुल्क भरायचे. ज्यात शब्दच नाहीत अशा अमूर्त चित्रपटाची संहिता कोणती, हा प्रश्न नियमाला पडत नाही. लहान संस्थेला हा खर्चही झेपणारा नव्हता.

तोडगा निघाला तो खासगी सभासदत्वाचा. 'सिनेमा १६' ही नफा न कमावणारी सभासदांची संस्था झाली. खिडकीवर तिकीट विकणे बंद, वर्षाची वर्गणी आगाऊ. सभासदांपुरत्या खेळाला परवान्याची गरज नव्हती. कायद्याच्या अडचणीतून काढलेल्या या वाटेचा खरा परिणाम अभिरुचीवर झाला, असे मला वाटते. ज्याने वर्षाची वर्गणी भरली आहे तो आपल्याला आवडेल तेवढेच निवडून पाहत नाही. आपल्याकडे दिवाळी अंक घरी आला की कथेसाठी घेतलेल्या अंकातला एखादा रुक्ष वाटणारा लेखही हातून वाचला जातो, तसेच काहीसे. आवडलेल्या गोष्टीच्या शेजारी न आवडलेली गोष्ट मुकाट्याने पाहावी लागणे हा त्या योजनेचा गाभाच होता. मुकाट्याने असे म्हटले खरे, पण तिथे हुर्यो उडवण्यालाही बंदी नव्हती, आणि ती वारंवार उडे.

पुढच्या वर्षांत सभासदसंख्या ७,००० च्या घरात गेली आणि प्लेहाउस सोडून १,६०० आसनांचे एका शाळेचे सभागृह घ्यावे लागले. केनेथ अँगरचा 'फायरवर्क्स', पॅरिसच्या कत्तलखान्यांवरचा जॉर्ज फ्राँज्यूचा माहितीपट, मानसोपचारावरचे चित्रपट, हे सारे तिथे दाखवले गेले. ऑक्टोबर १९५३ मध्ये काव्य आणि चित्रपट या विषयावर परिसंवाद झाला. त्यात माया डेरेन, आर्थर मिलर आणि डिलन टॉमस बसले होते. डेरेनची गंभीर मांडणी आणि टॉमसची थट्टा यांचा मेळ बसला नाही. काही दिवसांतच, ९ नोव्हेंबरला, टॉमस त्याच शहरात मरण पावला. नाझी प्रचारपट 'द इटर्नल ज्यू'सुद्धा व्होगेलने सभासदांना दाखवला. ज्या प्रचाराने आपल्याला देशोधडीला लावले तो चित्रपट स्वतः निवडून लोकांपुढे ठेवणे, हे धैर्य साधे नव्हे. शत्रूची भाषा ओळखता आली पाहिजे, तर ती आधी ऐकली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब असावा.

आपल्याकडे कलकत्ता फिल्म सोसायटी ५ ऑक्टोबर १९४७ रोजी, म्हणजे 'सिनेमा १६'च्या महिनाभर आधी, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केली. तिथला आरंभ 'बॅटलशिप पोटेमकिन'ने झाला, आणि भारतीय फिल्म सोसायट्यांचा ओढा पुढेही जागतिक अभिजात कथापटांकडेच राहिला. मुंबईत १९६८ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात चित्र मंडळाने मराठी प्रेक्षकाला त्या जगाची ओळख करून दिली, ते ऋण मोठे आहे. पण शास्त्रीय चित्रपट, माहितीपट आणि प्रयोग यांची कथापटाशी सरमिसळ आपल्या सोसायट्यांनी अभावानेच केली. याचे एक कारण फिल्म्स डिव्हिजनमध्ये शोधता येईल. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे माहितीपट प्रत्येक चित्रपटगृहाला मुख्य चित्रपटाआधी दाखवावेच लागत. म्हणजे शेजारी शेजारी ठेवणे इथेही होते, पण ते ठेवणाऱ्याच्या मनात कोणताही विचार नव्हता. धरणाची भिंत आणि दिलीपकुमार यांचे परस्परांशी काय नाते, हे कोणी ठरवलेले नव्हते. प्रेक्षक तेवढा वेळ बाहेर सिगरेट ओढत उभा राही. त्यांतले काही माहितीपट उत्तम होते, हे आपल्याला फार उशिरा कळले.

व्होगेलच्या निवडीला आव्हान मिळाले ते मात्र घरातूनच. योनास मेकास हा लिथुएनियातून आलेला, तोही युद्धाने विस्थापित झालेला, आणि 'सिनेमा १६'चा नेमाने येणारा प्रेक्षक. स्टॅन ब्रॅकेजचा १९५८ चा 'अँटिसिपेशन ऑफ द नाइट' व्होगेलने नाकारला तेव्हा, एकट्या माणसाने नवा चित्रपट कोणता हे का ठरवावे, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. १९६२ मध्ये मेकास आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रपटकर्त्यांची सहकारी संस्था उभी केली. तिचा नियम एकच: जो देईल त्याचा चित्रपट घ्यायचा, निवड करायची नाही.

हा वाद व्यक्तिद्वेषाचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. दोन्ही बाजूंना न्याय आहे. ब्रॅकेजचा तो चित्रपट आज प्रयोगशील चित्रपटातला मैलाचा दगड मानला जातो, आणि व्होगेलची नजर तिथे चुकली हे मान्य करावे लागते. तरीही माझा कल व्होगेलकडे जातो. निवड न करणारी संस्था चित्रपटकर्त्याला न्याय देते. प्रेक्षकाशी बोलायचे काम मात्र तिने सोडून दिलेले असते. वानर आणि नर्तकी यांना एका संध्याकाळी आणून बसवायला कोणीतरी लागतो, आणि तो कधीतरी चुकणार हेही त्यातच आले. शिवाय व्होगेलच्या पत्रिकेत चित्रपटकर्त्यांच्या एका गटाबाहेरचे, स्वतःला कलावंत न म्हणवणारे लोकही होते: डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ, शिक्षक. सहकारी संस्थेत त्यांना जागा नव्हती, कारण त्यांनी ती कधी मागितलीच नाही.

१९६३ मध्ये वाढता खर्च आणि घटते सभासद यांमुळे 'सिनेमा १६' बंद झाली. त्याच वर्षी व्होगेलने रिचर्ड राउडबरोबर न्यूयॉर्क चित्रपट महोत्सव सुरू केला; १९६८ मध्ये तो तिथूनही बाहेर पडला. १९७४ साली त्याचे 'फिल्म अ‍ॅज अ सबव्हर्सिव्ह आर्ट' हे पुस्तक आले. त्यात चित्रपटांची मांडणी देशांनुसार किंवा दिग्दर्शकांनुसार नाही. आशय, रूप आणि निषिद्ध विषय अशी प्रकरणे आहेत, आणि जन्म, मृत्यू, राजकारण, विज्ञान यांवरचे प्रसिद्ध आणि अनाम चित्रपट एकमेकांना खेटून बसले आहेत. २०१२ च्या एप्रिलमध्ये, ९१ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्येच व्होगेलचे निधन झाले.