प्रशिक्षण-विमानांचे अवतरण-अपघात

वैमानिकाचे शिक्षण चालू असताना लहान विमान जमिनीवर उतरविण्याच्या क्रियेत घडणारे अपघात. विमान जोराने आदळणे, उसळणे, नाकाकडील चाक मोडणे, धावपट्टीच्या अलीकडे टेकणे किंवा तिच्यावरून बाजूस जाणे हे त्यांचे नेहमीचे प्रकार होत. वेग कमी असल्याने यांतील बहुतेक अपघातांत जीवितहानी होत नाही. तथापि वैमानिक-शिक्षणाची मूळ अडचण त्यांतून स्पष्ट होते.

कारणे : जमिनीपासून काही मीटर उंचीवर असताना विमानाचे नाक हळूहळू वर घेऊन त्याचा उतार मोडावयाचा असतो. ही कृती फार लवकर झाली, तर वेग संपून विमान वरून आदळते. उशिरा झाली, तर नाकाकडील चाक प्रथम टेकून ते उसळते. उसळलेले विमान दाबून खाली आणू गेल्यास पुढची उसळी अधिक मोठी होते. अशा वेळी एंजिनाला पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे हाच सुरक्षित उपाय असतो. योग्य क्षणाची जाण केवळ सांगून देता येत नाही. ती सरावानेच येते. म्हणून विद्यार्थ्याला चूक करू देणे आणि ती हाताबाहेर जाण्यापूर्वी नियंत्रण आपल्याकडे घेणे, हे दोन्ही प्रशिक्षकाला काही क्षणांतच साधावे लागते.

इतिहास : पहिल्या महायुद्धाच्या प्रारंभीच्या काळात विद्यार्थ्याला धोक्याच्या स्थितीपासून दूर ठेवण्याकडे प्रशिक्षकांचा कल असे. ब्रिटिश वैमानिक रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी १९१७ मध्ये इंग्लंडमधील गॉसपोर्ट येथे याच्या उलट पद्धती सुरू केली. दुहेरी नियंत्रक असलेल्या ॲव्हरो ५०४ विमानात विद्यार्थ्याला मुद्दाम अवघड स्थितीत नेऊन तीतून सावरावयास शिकविले जाई. बोलण्यासाठी दोघांमध्ये एक नळी असे. पुढील काळातील वैमानिक-शिक्षणाचा पाया या पद्धतीने घातला.

मुंबईस जुहू येथे १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. जे. आर. डी. टाटा यांनी तेथे शिक्षण घेतले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. त्या काळी डी हॅविलंड मॉथ हे एकामागे एक दोन उघड्या आसनांचे विमान शिक्षणासाठी वापरीत. मोकळ्या मैदानावर वारा ज्या दिशेने येई, त्या दिशेस तोंड करून उतरता येत असे. पक्क्या धावपट्ट्या आल्यावर चिखलाची अडचण दूर झाली. परंतु उतरण्याची दिशा ठरून गेल्याने आडव्या वाऱ्याशी सामना अटळ झाला. शेपटीकडे चाक असलेली विमाने जमिनीवर टेकल्यावर एकाएकी गर्रकन वळत. १९५८ मध्ये प्रथम उडालेले व भारतीय क्लबांत वापरले गेलेले ‘पुष्पक’ हे याच रचनेचे होते. नाकाखाली चाक असलेल्या सेस्ना १५२ सारख्या विमानांत हा दोष कमी झाला; मात्र आघात त्या चाकावर येऊ लागला.

दख्खनच्या पठारावरील परिस्थिती : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून भीमा नदी वाहते. तिच्या पलीकडे पुणे जिल्ह्यातील बारामती हे वैमानिक-शिक्षणाचे केंद्र आहे. या पट्ट्याची उंची सु. ६०० मी. असून उन्हाळ्यात तापमान ४०° से. पर्यंत जाते. या स्थितीत हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण घनतेपेक्षा सु. १४ टक्क्यांनी कमी असते. त्यामुळे वेगमापकावर नेहमीचाच आकडा दिसत असला, तरी विमानाचा प्रत्यक्ष वेग सु. ८ टक्क्यांनी अधिक असतो व थांबण्यासाठी लागणारे अंतर सु. एक-षष्ठांशाने वाढते. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे हवेचे झोत विमानाला वरखाली ढकलतात.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले, एकटी प्रशिक्षणार्थी चालवीत असलेले विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात कोसळले, ती बचावली. १९ व २२ ऑक्टोबर २०२३ रोजी बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन विमाने कोसळली. दुसऱ्या विमानात प्रशिक्षक व विद्यार्थी दोघेही होते. दोन्ही अपघातांत प्राणहानी झाली नाही. तथापि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे उड्डाण-प्रशिक्षण स्थगित केले. ९ ऑगस्ट २०२५ रोजी बारामती येथेच उतरताना एका प्रशिक्षण-विमानाच्या चाकाला हानी पोहोचली. वैमानिक सुखरूप राहिला. मात्र प्रशिक्षण-उड्डाणातील सर्वच अपघात असे निभावत नाहीत. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील वर्डी (ता. चोपडा) येथे झालेल्या अपघातात प्रशिक्षक मृत्युमुखी पडले व प्रशिक्षणार्थी जखमी झाली.

अन्वेषण : भारतात २०१२ पासून विमान अपघातांचे अन्वेषण स्वतंत्र विभागाकडे आहे. दोष ठरवून शिक्षा देणे हा त्याचा हेतू नसून, तसाच अपघात पुन्हा घडू नये हा असतो. शिक्षणाच्या बाबतीत या दृष्टीला विशेष महत्त्व आहे. व्यावसायिक परवान्यासाठी भारतात किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक असून त्यांतील १०० तास उमेदवाराने स्वतः प्रमुख वैमानिक म्हणून काढावे लागतात. शेजारच्या आसनावरील प्रशिक्षक एके दिवशी खाली उतरतो आणि विद्यार्थी प्रथमच एकटा वर जातो. त्यानंतर चूक सावरणारा दुसरा हात विमानात नसतो. तोपर्यंतच्या उतरण्यांत किती चुका झाल्या यापेक्षा त्यांतील किती विद्यार्थ्याने स्वतः ओळखल्या व वेळीच सावरल्या, यावरच त्याची सुरक्षितता अवलंबून असते.